वाऱ्याची दिशा चुकली तर चुकीच्या धुराड्याकडे बोट दाखवले जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालन्यात स्टीलच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलच्या आसपास वर्षभर पीएम 10 आणि पीएम 2.5 (हवेतले बारीक आणि अतिबारीक धूलिकण) मोजायचे आहे. सोबत तीन हवामान केंद्रे लावायची आहेत. एक शाळेच्या गच्चीवर, एक एमआयडीसीच्या कडेच्या शेतात आणि एक चार-पाच किलोमीटरवरच्या गावात. उपकरणे नवी आहेत आणि प्रत्येकाबरोबर कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र आले आहे. मग आणखी कसल्या तपासण्या करायच्या, किती वेळा करायच्या, आणि त्यासाठी वेगळी योजना लिहून काढायची गरज आहे का?

गरज आहे. प्रमाणपत्र एवढेच सांगते की प्रयोगशाळेतून निघताना सेन्सर बरोबर होता. टेम्पोतून आलेला, दहा मीटर उंच मास्टवर (खांबावर) चढवलेला आणि उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ खाल्लेला तोच सेन्सर आज बरोबर आहे का, याचे उत्तर त्या कागदावर नसते. शिवाय फील्डवरच्या बहुतेक चुका सेन्सरच्या नसतातच. त्या बसवण्याच्या, जमिनीच्या, घड्याळाच्या आणि लॉगरमध्ये (आकडे नोंदवणाऱ्या यंत्रात) भरलेल्या गुणकांच्या असतात.

धुळीचा सॅम्पलर (हवा फिल्टरमधून ओढून धूळ गोळा करणारे यंत्र) बंद पडला की लगेच कळते, कारण फिल्टर कोरा निघतो. वाऱ्याची दिशा वीस अंशांनी चुकली तर काहीच कळत नाही. आकडे येत राहतात, विंड रोज (कोणत्या दिशेने किती वारा आला याची आकृती) सुरेख निघतो, शोधनिबंधही लिहून होतो. पण वीस अंशांची चूक म्हणजे दोन किलोमीटरवर सुमारे सातशे मीटर सरक. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सातशे मीटर म्हणजे दुसराच कारखाना. जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. तिथे प्रदूषण कुठून येते याचे उत्तर चुकले तर दंड, खर्च आणि उपाय सगळे चुकीच्या दारात जातात. म्हणून माझ्या मते या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळ वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटावर घालवला पाहिजे, तापमानावर नव्हे.

आधी मर्यादा ठरवून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, 2000 सालची हवामान मापनाची मार्गदर्शिका आजही कामाची आहे. तिच्यात वाऱ्याच्या वेगाला 0.2 मीटर प्रति सेकंद अधिक मोजलेल्या वेगाच्या 5 टक्के, दिशेला 5 अंश, तापमानाला अर्धा अंश सेल्सिअस, दाबाला 3 हेक्टोपास्कल आणि पावसाला 10 टक्के किंवा अर्धा मिलिमीटर अशी मुभा दिली आहे. दोन उंचींवरच्या तापमानातला फरक मोजणार असाल तर तिथे मात्र 0.1 अंशाचीच मुभा आहे, आणि ती पाळणे खरोखर कठीण आहे. हे आकडे तुमच्या योजनेत पहिल्या पानावर लिहा. मर्यादा आधी लिहिलेली नसेल तर तपासणीत निघालेली कोणतीही चूक नंतर 'चालण्यासारखी' वाटू लागते.

आता दिशा. बसवताना बहुतेक जण मोबाईलचे किंवा खिशातले होकायंत्र वापरतात. मराठवाड्यात चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे तत्त्वतः होकायंत्र चालायला हवे. प्रत्यक्षात चालत नाही. मास्ट लोखंडी, शेजारी पत्र्याची शेड, खाली सळ्यांचा स्लॅब, आणि जमिनीत दख्खनचा बेसॉल्ट, ज्यात मॅग्नेटाइट असते. एकाच गच्चीच्या दोन कोपऱ्यांत होकायंत्र वेगवेगळी उत्तर दिशा दाखवते, हे तुम्ही स्वतः करून पाहा.

दोन भरवशाच्या पद्धती आहेत. पहिली सूर्याची. गवंड्याचा ओळंबा टांगा आणि सूर्य मध्यान्हीला असताना त्याच्या दोरीची सावली जिथे पडते ती रेघ आखा. ती खरी उत्तर-दक्षिण. फक्त ही मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि जालना 75.9 अंशांच्या आसपास, म्हणून सरासरी मध्यान्ह 12 वाजून 26 मिनिटांच्या सुमारास येते. त्यात ऋतूनुसार फरक पडतो. फेब्रुवारीच्या मध्याला ती 12:40 च्या आसपास आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10 च्या आसपास असते. त्या दिवसाची नेमकी वेळ पंचांगातून किंवा खगोलाच्या ॲपमधून घ्या. हिवाळ्यात हे काम करा, कारण तेव्हा सूर्य खाली असतो, सावली लांब पडते आणि एखादे मिनिट इकडेतिकडे झाले तरी अर्ध्या अंशाच्या आतच चूक होते. एप्रिलमध्ये तेच एक मिनिट एक अंशाहून जास्त महाग पडते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली एवढीशी पडते. तेव्हा ही पद्धत वापरूच नका.

दुसरी पद्धत दूरच्या खुणांची, आणि नेहमीच्या तपासणीसाठी मला तीच जास्त आवडते. मास्टपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या तीन-चार ठळक गोष्टी निवडा: देवळाचा कळस, पाण्याची उंच टाकी, मोबाईल टॉवर, एखादे धुराडे. उपग्रह नकाशावरून मास्टचे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन प्रत्येकाची दिशा अंशांत काढून ठेवा. दोन किलोमीटरवर पाच-सहा मीटरची जागेची चूक अंशाच्या पाचव्या भागाएवढीही होत नाही. मग एक जण वर चढून वातकुक्कुटाचे टोक त्या खुणेकडे रोखून धरतो, दुसरा खाली लॉगरवर आकडा वाचतो. टोक म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू, शेपूट नव्हे. शेपूट रोखल्यामुळे झालेली 180 अंशांची चूक ऐकायला अशक्य वाटते, पण ती मी एकाहून अधिक जुन्या अहवालांत पाहिली आहे. पश्चिमेचा पावसाळी वारा तिथे चार महिने पूर्वेकडून येताना दाखवला होता.

खुणांची तपासणी झाली की वातकुक्कुट 45-45 अंशांनी पूर्ण फिरवून प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहा, आधी घड्याळाच्या दिशेने, मग उलट. आतला पोटेन्शिओमीटर (दिशेचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) एका जागी झिजला असेल तर तो इथेच सापडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येतो, त्यामुळे झीजही त्याच भागात आधी होते. बहुतेक पोटेन्शिओमीटरना उत्तरेजवळ चार-पाच अंशांची मुकी फट असते, जिथे दिशा नीट नोंदली जात नाही. ती तुमच्या उपकरणात कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून ठेवा. आणि लॉगर तासाची सरासरी कशी काढतो हेही तपासा. 350 आणि 10 यांची साधी सरासरी 180 येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. दिशेची सरासरी सदिश पद्धतीनेच, म्हणजे प्रत्येक दिशा बाणासारखी धरून, हवी.

ही एवढी मेहनत करून मास्ट नीट लावला तरी काळ्या मातीत तो नीट राहत नाही, आणि बाहेरच्या मार्गदर्शिकांत हे सापडणार नाही. आपली रेगूर जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या दोन-तीन पावसांत फुगते. मास्टचा पाया उथळ असेल तर तो सरकतो, ताणाच्या तारांपैकी एक सैल होते, दुसरी जास्त ताणली जाते, आणि पाइप जोडाजवळ किंचित पिळतो. मार्चमध्ये बिनचूक असलेली दिशा जुलैमध्ये सहा-सात अंशांनी फिरलेली मिळू शकते. म्हणून शेतातल्या केंद्राचा पाया खाली मुरमापर्यंत न्या, आणि दिशेची तपासणी वर्षातून दोनदा ठरवणार असाल तर एक मेअखेर आणि एक जुलैत ठेवा. कॅलेंडरवर सहा-सहा महिन्यांनी आखलेली तपासणी जमिनीची ही हालचाल नेमकी हुकवते. प्रत्येक भेटीत मास्टला दोन बाजूंनी ओळंबा आणि पर्जन्यमापकाला पाणसळ लावा. पाच मिनिटांचे काम आहे. पाइपच्या जोडांवर रंगाची उभी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाइप फिरला आहे हे खालूनच कळते.

वेगाची गोष्ट वेगळी आहे. वेग मोजणारे कप किंवा प्रोपेलर जोराच्या वाऱ्यात सहसा बरोबरच असतात. ते चुकतात मंद वाऱ्यात, बेअरिंगमध्ये धूळ गेल्यावर. आणि प्रदूषण साचते ते नेमके मंद वाऱ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या शांत रात्री, जेव्हा जमिनीलगतची हवा गार होऊन बसते. म्हणजे तुमच्या अभ्यासातले सगळ्यात महत्त्वाचे तास आणि उपकरणाचे सगळ्यात कमजोर तास एकच आहेत. बेअरिंग घट्ट झाले की 0.7 मीटरचा वारा शून्य म्हणून नोंदला जातो आणि तो तास 'शांत' ठरून विश्लेषणातून बाहेर पडतो. म्हणून सुरू होण्याचा वेग अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असलेला सेन्सर या कामाला घेऊ नका, आणि घेतलेल्याचे टॉर्क चकतीने (बेअरिंग फिरायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या चकतीने) बेअरिंग तपासा. चकती नसेल तर निदान बंद खोलीत कप हळूच फुंकून ते कसे थांबतात ते बघा. झटका देऊन थांबले तर बेअरिंग गेले.

वेगाचा आकडा तपासायला ठरावीक फेऱ्यांची मोटर लावतात. प्रोपेलरच्या पुस्तिकेत एका फेरीला 29.4 सेंटिमीटर वारा दिला असेल तर मिनिटाला 300 फेऱ्यांना लॉगरवर 1.47 मीटर प्रति सेकंद आणि 1800 फेऱ्यांना 8.82 दिसले पाहिजे. हे न जुळण्याचे कारण बहुधा सेन्सर नसतो. कोणीतरी लॉगरमध्ये दुसऱ्या मॉडेलचा गुणक किंवा किलोमीटर प्रति तासाचा हिशोब भरलेला असतो. एक सोपी खूणही आहे: दर महिन्याला एकूण तासांपैकी 'शांत' तास किती, हे तिन्ही केंद्रांसाठी शेजारी-शेजारी मांडा. एकाच केंद्रावर ते प्रमाण महिन्यागणिक वाढत गेले आणि बाकी दोन्हींवर नाही, तर वारा पडलेला नाही, बेअरिंग पडले आहे. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनिक उपकरणाला बेअरिंग नसते, पण कोळ्याची जाळी आणि दव त्यालाही त्रास देतात. त्याची तपासणी मोटरने होत नाही, शेजारी दुसरे तपासलेले उपकरण तीन-चार दिवस लावूनच करावी लागते.

एक शिस्त कधीच मोडू नका, कोणतेही उपकरण पुसण्याआधी, सरळ करण्याआधी, काहीही हलवण्याआधी जसे सापडले तसे तपासा आणि लिहा. मग साफसफाई, दुरुस्ती, आणि नंतर पुन्हा तपासून दुसरी नोंद. फील्डवर गेलेला माणूस सवयीने आधी फडके काढतो, आणि त्या क्षणी मागच्या तीन महिन्यांच्या डेटाचा पुरावा पुसला जातो. उपकरण आता बरोबर आहे हे कळते, पण काल बरोबर होते का हे कायमचे कळत नाही. चूक मर्यादेबाहेर निघाली तर मागच्या चांगल्या तपासणीपर्यंतचा सगळा काळ संशयित धरावा लागतो. तपासण्यांमधले अंतर म्हणूनच महत्त्वाचे: सहा महिन्यांनी तपासाल तर सहा महिने पणाला लागतील.

तापमान आणि आर्द्रतेचे लवकर आटोपतो. बर्फाचे पाणी, साधे पाणी आणि 45 अंशांच्या आसपासचे कोमट पाणी, अशा तीन ठिकाणी प्रमाणित थर्मामीटरबरोबर तुलना करा. सेन्सर पाण्यात बुडवण्याजोगा नसेल तर पातळ पिशवीत घाला. आर्द्रतेसाठी प्रयोगशाळेतल्या शुद्ध मिठाच्या संपृक्त द्रावणावर 75 टक्के आणि लिथियम क्लोराइडवर 11 टक्के मिळायला हवेत. हा खालचा बिंदू टाळू नका, कारण आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा खरोखर तितकी कोरडी होते. स्टीलच्या परिसरात सेन्सरवरचे पांढरे कवच काही आठवड्यांत करडे पडते आणि ऊन शोषू लागते. वारा मंद असेल तर दुपारचे तापमान त्यानेच एक-दीड अंश जास्त दाखवते. कवच धुवायचे, पण अर्थात आधी नोंद करून.

दाबाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि ते थेट धुळीच्या आकड्याला भोवते. जालना सुमारे 500 मीटर उंचीवर आहे, तिथला खरा दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. मोबाईलवरच्या हवामान ॲपमध्ये दिसतो तो समुद्रसपाटीला आणलेला दाब. तो आकडा पीएम 2.5 सॅम्पलरमध्ये भरला तर मिनिटाला 16.67 लिटरच्या प्रवाहात सहा टक्क्यांच्या आसपास चूक शिरते, आणि मुभा आहे 5 टक्क्यांची.

पर्जन्यमापकाचे तोंड 200 मिलिमीटर व्यासाचे असेल तर 314 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. आतली बादली दर 0.2 मिलिमीटरला एकदा उलटणारी असेल तर 50 टिप, म्हणजे 50 वेळा उलटणे, पडायला हव्यात. पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा, भसकन ओतले तर टिप कमीच येतील. हे रोहिणी लागायच्या आधी करा, कारण तोपर्यंत नरसाळ्यात धूळ, पाखरांची घाण आणि गांधीलमाशीचे मातीचे घर यांपैकी काहीतरी असतेच.

जागेबद्दल तुमच्या तिन्ही ठिकाणांवर माझा आक्षेप आहे, वेगवेगळ्या कारणांनी. नियम असा की अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतर मोकळे हवे आणि वारा दहा मीटरवर मोजावा. शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली आहे का? असेल तर तिथला वारा इमारतीचा वारा आहे, शहराचा नाही. ते केंद्र ठेवा, पण स्रोत ठरवायला त्याची दिशा वापरू नका. शेतातले केंद्र जूनमध्ये मोकळ्या रानात उभे राहील, पण मालकाने शेजारी ऊस लावला तर तो साडेतीन-चार मीटर होतो, म्हणजे चाळीस मीटर अंतर लागले. शेजारी मोसंबीची बाग असेल तर तीही मोजा. धुऱ्यावर मास्ट लावताना शेतमालकाला पुढच्या वर्षी कोणते पीक घेणार हे विचारा आणि ते नोंदवहीत लिहा. दर महिन्याला मास्टवरून चारही दिशांचे फोटो घ्या. पुढे कधी वेगातला फरक समजेनासा झाला तर हे फोटोच उत्तर देतील. गावातल्या केंद्राला मुख्य भीती जनावरांची. म्हैस ताणाच्या तारेला अंग घासते. काटेरी कुंपण करा, आणि आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहणाऱ्या माणसाला हे यंत्र कशासाठी आहे ते नीट समजावून सांगा. ज्याला कळले आहे तो माणूस कुंपणापेक्षा जास्त सांभाळतो.

घड्याळ. सॅम्पलर भारतीय वेळेत आणि हवामान लॉगर जागतिक वेळेत चालला तर साडेपाच तासांची फट पडते, आणि सकाळच्या धुरावर दुपारचा वारा चिकटतो. सौर किरणांचा सेन्सर असेल तर निरभ्र दिवसाचा आलेख काढा. त्याचा माथा 12:10 ते 12:40 यांच्या बाहेर असेल तर घड्याळ चुकले आहे, बाकी पुरावा लागत नाही.

डेटा रोज घरी बसून चाळता येतो. ईपीएच्या मार्गदर्शिकेत त्यासाठी कसोट्या दिल्या आहेत: तीन तास वेग 0.1 मीटरनेही बदलला नाही, अठरा तास दिशा दहा अंशांनीही हलली नाही, तासाभरात तापमान पाच अंशांहून जास्त बदलले, तर खूण करा. खूण करा म्हटले आहे, खोडा म्हटलेले नाही. मराठवाड्यात वळीव आला की तासाभरात पारा आठ-दहा अंश उतरतो, आणि मृगानंतर पश्चिमेचा वारा दिवसभर जवळपास एकाच बाजूने वाहू शकतो. संगणकाला हे दोन्ही बिघाड वाटतील. खूण झालेला प्रत्येक तास माणसाने पाहायचा, आणि ठेवला किंवा काढला तर कारण लिहायचे. तुलनेला चिकलठाणा विमानतळाचा वारा आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचे तापमान व पाऊस घ्या. आकडे जुळणार नाहीत, अंतर मोठे आहे, पण कल जुळला पाहिजे. विमानतळाच्या अहवालात वेग नॉटमध्ये असतो (1 नॉट म्हणजे 0.514 मीटर प्रति सेकंद) आणि दिशा दहा-दहा अंशांत, हे ध्यानात ठेवा.

वेळापत्रक असे धरा: डेटा रोज, प्रत्यक्ष भेट पंधरा दिवसांनी, वेग-दिशेची पूर्ण तपासणी अभ्यासाच्या सुरुवातीला, मेअखेर, जुलैत आणि शेवटी. गारपीट किंवा जवळ वीज पडल्यावर लगेच, वेळापत्रकात असो वा नसो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाड्याचे काय केले ते आठवा. प्लास्टिकचे कप एका गारेने तडकतात आणि तडा गेलेला कप फिरत राहतो, फक्त चुकीचा फिरतो. शेवटची तपासणी उपकरणे उतरवण्याआधी, मास्टवरच करा. ती बऱ्याच अभ्यासांत राहून जाते आणि अखेरचे महिने बिनपुराव्याचे राहतात.

वर्षातून एक तपासणी तरी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या. ज्याने बसवले त्याने नव्हे, आणि त्याच्याच मोटरने व थर्मामीटरने नव्हे. बाहेरची संस्था परवडत नसेल तर शेजारच्या विद्यापीठातल्या अशाच गटाशी अदलाबदल ठरवा: ते तुमची केंद्रे तपासतील, तुम्ही त्यांची.

पैसे कमी असतील तर चौथे केंद्र किंवा महागडा सौर सेन्सर घेऊ नका. त्याऐवजी ठरावीक फेऱ्यांची मोटर, टॉर्क चकती, प्रमाणित थर्मामीटर, चांगला दाबमापक आणि एक राखीव वेग-दिशा सेन्सर घ्या. राखीव सेन्सर असला की खराब झालेला त्याच दिवशी बदलता येतो, आणि दर तिमाहीत 90 टक्के तास वैध हवेत ही अट पाळता येते. नाहीतर दुरुस्तीला पाठवलेला सेन्सर परत येईपर्यंत हिवाळा निघून जातो, आणि तुम्हाला हवे आहेत ते हिवाळ्याचेच तास.